जप्ती एकाच्या नावाने, हक्क दुसऱ्याचा : प्रस्तावना

दिवाणी दावा दोघांत चालतो. जप्ती मात्र पुष्कळदा तिसऱ्याच्या दारात जाऊन पोचते. वादी-प्रतिवादी वर्षानुवर्षे तारखांना हजर राहतात, साक्षीपुरावे होतात, शेवटी पैशाचा हुकूमनामा होतो. हरलेला पैसे देत नाही. मग धनको दरखास्त दाखल करतो, न्यायालय जप्तीचे वॉरंट काढते आणि नाझराच्या कचेरीतून बेलिफ ते घेऊन निघतो. त्या दिवशी घरात, गोठ्यात, दुकानात जे सापडेल त्याची यादी होते, पंचांच्या सह्या होतात. पण यादीतले कपाट सुनेने माहेरून आणलेले असते. ट्रॅक्टरवर फायनान्स कंपनीचा बोजा असतो. दुकानातला निम्मा माल दुसऱ्या व्यापाऱ्याने विक्रीसाठी ठेवायला दिलेला असतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव थोरल्या भावाचे आणि वहिवाट तिघांची असते. यांपैकी कोणीही त्या दाव्यात पक्षकार नव्हते. त्यांना समन्स गेले नव्हते, त्यांचे म्हणणे कोणी विचारले नव्हते, आणि तरीही निकालाचा फटका त्यांना बसलेला असतो.

हे पुस्तक त्या माणसांविषयी आहे. त्यांच्याबरोबरच ते त्या धनकोविषयीही आहे, ज्याने दहा-बारा वर्षे झगडून हुकूमनामा मिळवला आणि ज्याच्यासमोर आता ऋणकोचा मेहुणा येऊन सांगतो की हे सगळे माझे आहे. एकाचे देणे फेडायला दुसऱ्याची वस्तू विकली जाणे हा अन्याय आहे. खोट्या हरकतीमुळे खरे देणे बुडणे हाही तितकाच अन्याय आहे. जप्त मालमत्तेवरच्या परस्परविरोधी हक्कांचा निवाडा करणारा कायदा या दोहोंच्या मध्ये उभा आहे. वकिलीच्या अभ्यासक्रमात त्याला दोन-चार तास मिळतात आणि वर्तमानपत्रात तो कधी येतच नाही. माझ्या मते सामान्य कुटुंबाला दिवाणी कायद्याच्या ज्या भागाची खरी गरज पडते, तो भाग हाच.

आधी जप्ती म्हणजे काय ते पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची, तिचा आदेश 21 हा सर्वांत लांबलचक, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची सारी व्यवस्था त्यात आहे. जंगम वस्तू बेलिफ प्रत्यक्ष ताब्यात घेतो. गुरे किंवा शेतीची अवजारे हलवणे अवघड असेल तर ती एखाद्या भरवशाच्या माणसाच्या स्वाधीन करता येतात. स्थावर मालमत्ता उचलून नेता येत नाही, म्हणून तिची जप्ती मनाई हुकमाने होते: ऋणकोने ती विकू नये, कोणी ती घेऊ नये. हा हुकूम दवंडी पिटून किंवा त्या भागातल्या रीतीने जाहीर करावा लागतो, मालमत्तेवर ठळक जागी आणि न्यायालयात डकवावा लागतो. जमीन सारा भरणारी असेल तर जिल्हाधिकारी कचेरीत आणि गावातली असेल तर ग्रामपंचायतीतही तो लावायचा असतो. ग्रामपंचायतीच्या फलकावरचा तो कागद वाचायची सवय आपल्याकडे फारशी कोणाला नाही. पुढे त्याचे परिणाम काय होतात ते येईलच.

काही वस्तूंना कायदा हातच लावू देत नाही. कलम 60 प्रमाणे ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेला लागणारी गुरे व बी-बियाणे, शेतकरी किंवा मजूर ज्यात राहतो ते त्याचे घर, हेही सुटते. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र वेगळा हिशेब. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. या तरतुदी मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो आहे. बेलिफ दारात आला की घरातली माणसे भांबावतात आणि जे सुटणार आहे त्याचीही आशा सोडून देतात.

आता तिसऱ्याचा प्रश्न. जप्त वस्तू ऋणकोची नाही, माझी आहे, किंवा तिच्यात माझाही हिस्सा आहे, असे म्हणणाऱ्याने कुठे जायचे? उत्तर आदेश 21 च्या नियम 58 मध्ये आहे. पण आज तिथे जे लिहिले आहे ते सुरुवातीपासून तसे नव्हते, आणि हा बदल कसा झाला हे समजल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही.

ब्रिटिश अमलातली पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता 1859 ची. तिच्या कलम 246 मध्ये त्रयस्थाच्या हरकतीची चौकशी करायची सोय होती; निकाल विरुद्ध गेला तर एका वर्षात दावा लावून हक्क सिद्ध करायचा. 1908 च्या संहितेतही मूळ आराखडा हाच राहिला. ही चौकशी झटपट असे, आणि तिच्यात मुख्यतः ताब्याकडे पाहिले जाई: जप्तीच्या दिवशी वस्तू कोणाच्या कब्जात होती, आणि तो कब्जा स्वतःसाठी होता की ऋणकोच्या वतीने. मालकीचा खोल विचार त्या टप्प्यावर होत नसे. समजा, एका विधवेचे घर आहे, मुलगा तिच्याबरोबर राहतो, घरपट्टी तोच भरतो आणि त्याच्या कर्जासाठी घरावर जप्ती येते. चौकशीत ताबा मुलाचा दिसला की आईची हरकत फेटाळली जाई. तिला वर्षाच्या आत नवा दावा लावावा लागे, त्यावर अपील, पुन्हा अपील. उलट हरकत मान्य झाली तर तोच फेरा धनकोच्या वाट्याला येई. एकाच प्रश्नाचा दोनदा निवाडा होई, आणि पहिल्या निवाड्याला अर्थ उरत नसे. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा आशयाचे मत प्रिव्ही कौन्सिलने 1872 सालीच नोंदवले होते. त्या अडचणींतला मोठा वाटा या दुहेरी फेऱ्याचा होता.

आपल्या मुलखाने जप्तीचा सर्वांत कडू अनुभव त्याच काळात घेतला. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. त्यांचा रोख कर्जाच्या कागदांवर होता. खते-रोखे हिसकावून घेतले गेले, जाळले गेले. कारण त्याच कागदांवर, बहुधा एकतर्फी, हुकूमनामे होत आणि हुकूमनाम्यामागोमाग जमीन जाई. सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. त्यातल्या कलम 22 ने ठरवले की शेतकऱ्याची जी जमीन त्या कर्जासाठी मुद्दाम गहाण दिलेली नाही ती पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करून विकता येणार नाही. जप्तीचा अधिकार बेलगाम ठेवला तर काय होते, हे दख्खनमधल्या शेतकऱ्यांनी राज्यकर्त्यांना दाखवून दिले होते. मराठी वाचकाला हा इतिहास 'दंगे' म्हणून शिकवला जातो. दिवाणी कायद्याचा इतिहास म्हणूनही तो शिकवला जायला हवा.

संहितेतला मोठा बदल 1976 च्या दुरुस्तीने झाला आणि तो 1 फेब्रुवारी 1977 पासून लागू आहे. नियम 58 नव्याने लिहिला गेला. आता अंमलबजावणी करणारे न्यायालयच हक्क, मालकी आणि हितसंबंध यांचे सारे प्रश्न ठरवते. वेगळा दावा चालत नाही. त्याच्या निर्णयाला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर हुकूमनाम्यासारखेच अपील होते. शिवाय निर्णय सगळे किंवा काहीच नाही असा द्यावा लागत नाही. न्यायालय मालमत्ता पूर्ण मोकळी करू शकते, काही भाग मोकळा करू शकते, हरकत फेटाळू शकते, किंवा बँकेच्या गहाणासारखा दुसऱ्याचा हक्क कायम ठेवून त्याच्या अधीन जप्ती चालू ठेवू शकते. मालमत्तेचा कब्जा मिळवताना जो अडथळा होतो त्यालाही, नियम 97 ते 101 मध्ये, हेच तत्त्व लावले गेले. माझे स्पष्ट मत आहे की दिवाणी संहितेत स्वातंत्र्यानंतर झालेल्या दुरुस्त्यांमध्ये ही सर्वांत न्याय्य आहे. आई आणि मुलाच्या त्या घराचा प्रश्न आता त्याच न्यायालयात, त्याच दरखास्तीत, पुरावा घेऊन, कायमचा सुटू शकतो.

सुटतो तो कशावर? नियम 58 ची प्रकरणे वाचत गेले की ध्यानात येते, बहुतेक निवाडे एका तारखेवर येऊन थांबतात. जप्ती कोणत्या दिवशी झाली आणि त्रयस्थाचा हक्क कोणत्या दिवशी जन्मला. कलम 64 सांगते की जप्तीनंतर ऋणकोने खाजगीत केलेले हस्तांतर त्या जप्तीखालच्या मागण्यांपुरते रद्दबातल असते. म्हणजे आज जप्ती झाली आणि उद्या खरेदीखत झाले, तर पूर्ण किंमत मोजलेल्या खरेदीदारालाही धनकोविरुद्ध ते खत दाखवता येत नाही. पण जप्ती ऋणकोच्या हक्कापलीकडे जात नाही. त्या दिवशी ऋणकोकडे जेवढे होते तेवढेच जप्त होते.

अवघड जागा मधल्या असतात. खरेदीखतावर सह्या जप्तीआधी झाल्या, नोंदणी जप्तीनंतर झाली, तर? नोंदणी कायद्यानुसार दस्त नोंदला गेला की तो सह्यांच्या तारखेपासून अमलात येतो. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर खरेदीदाराच्या बाजूने कौल दिला. त्याच्या आदल्याच वर्षी, नुसते साठेखत जप्तीआधीचे असेल आणि खरेदीखत नंतर झाले असेल तरी जप्ती साठेखताच्या बंधनाला अधीन राहते, असे त्याच न्यायालयाने म्हटले होते. मग 2002 मध्ये कलम 64 ला पोटकलम जोडले गेले: जप्तीआधी झालेल्या आणि जप्तीआधीच नोंदवलेल्या कराराच्या पूर्ततेसाठी नंतर हस्तांतर झाले, तर त्याला जप्तीची बाधा नाही. 'नोंदवलेल्या' या अटीमुळे महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांवर थेट परिणाम होतो. नोटरीपुढे केलेले साठेखत, विसारपावती आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या जोरावर घर घेऊन लोक वर्षानुवर्षे राहतात. मुद्रांक शुल्क वाचले असे त्यांना वाटत असते. मूळ मालकावर हुकूमनामा होऊन त्याच घरावर जप्ती आली की त्यांच्या हातातल्या कागदांना किती वजन आहे ते कळते.

निकालाआधीची जप्ती हा आणखी नाजूक प्रकार. प्रतिवादी मालमत्ता विकून मोकळा होणार आणि पुढचा हुकूमनामा निरुपयोगी करणार अशी खात्री पटली, तर न्यायालय दावा चालू असतानाच आदेश 38 च्या नियम 5 खाली जप्ती आणू शकते. हे हत्यार जपून वापरायचे आहे. तारण न घेता दिलेल्या उधारीला या मार्गाने तारणाचे रूप देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या सुमारास बजावले. जप्तीआधीच तिसऱ्याकडे गेलेल्या हक्कांना अशी जप्ती धक्का लावत नाही, हे नियम 10 मध्ये स्वच्छ लिहिले आहे, आणि शेतकऱ्याच्या ताब्यातल्या शेतमालावर निकालाआधी जप्ती मागताच येत नाही. अपुऱ्या कारणावर जप्ती मिळवली असेल तर कलम 95 खाली प्रतिवादीला भरपाई मागता येते, पण तिची कमाल मर्यादा 50,000 रुपये आहे. दिवाळीच्या तोंडावर ज्याचे दुकान जप्तीखाली गेले त्याच्या नुकसानीपुढे ही रक्कम अगदी तोकडी आहे आणि ती वाढवली पाहिजे.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग कुटुंबातल्या हक्कांना दिला आहे, आणि त्यातही स्त्रियांच्या. यामागे कारण आहे. जप्तीवर हरकत घेणाऱ्यांत बँका, फायनान्स कंपन्या, व्यापारी यांच्याकडे कागद असतात. बोजा नोंदलेला असतो, करार असतो, वाहनाच्या नोंदणीपुस्तकात शेरा असतो. त्यांचे म्हणणे एका तारखेत मांडून होते. घरातल्या स्त्रीकडे हक्क असतो, कागद नसतो. स्त्रीधन हे पत्नीचे स्वतःचे आहे, पती फार तर विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. पण लग्नातल्या पाटल्यांची सोनाराची पावती वडिलांच्या नावाची असते, तीही बहुधा हरवलेली. फ्रीज-कपाटाची पावती भावाच्या नावाची. लग्नाच्या वेळी भेटींची सही-शिक्क्याची यादी करणे आपल्याकडे अविश्वासाचे लक्षण समजतात. बेलिफाच्या यादीत मात्र त्या वस्तू पतीच्या घरातल्या म्हणून पतीच्या ठरतात, आणि त्या तिच्या आहेत हे दाखवण्याचा भार तिच्यावर येतो.

जमिनीत हे आणखी तीव्र होते. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून, आणि केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून, हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्माने सहदायाद मानले. 2005 च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. त्याच 2005 च्या दुरुस्तीने वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य आहे एवढ्याच कारणावरून नव्या कर्जासाठी मुलगा-नातवाविरुद्ध मागणी करण्याचा जुना मार्गही बंद केला. म्हणजे वडिलांवरच्या पैशाच्या हुकूमनाम्यात वडिलोपार्जित जमीन जप्त झाली, तर मुलगा आणि मुलगी दोघांनाही आपापला हिस्सा वाचवण्यासाठी हरकत घेता येते. प्रत्यक्षात अर्ज मुलाचा येतो. मुलीचे नाव सातबाऱ्यावर नसते, ती दुसऱ्या तालुक्यात नांदत असते, जप्तीची दवंडी तिच्या कानावर जात नाही. कळते तेव्हा पुष्कळदा लिलाव झालेला असतो. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, त्याने मालकी ठरत नाही, असे न्यायालये वारंवार सांगतात. ते खरेच आहे. पण ज्याचे नाव त्यावर नाही त्याला आपला हक्क दुसऱ्या पुराव्याने उभा करावा लागतो, आणि तोंडी वाटणी, साध्या कागदावरची वाटणीची टिपणे, न झालेले फेरफार यांतून तो उभा करणे किती कठीण जाते ते तालुक्याच्या न्यायालयात रोज दिसते.

गोव्यात चित्र थोडे निराळे आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा तिच्यात निम्मा वाटा असतो. पत्नीला आपला अर्धा हिस्सा आहे हे सिद्ध करायला पावत्या शोधाव्या लागत नाहीत; लग्नाची नोंद हाच मोठा पुरावा. महाराष्ट्रात विवाहानंतरच्या मिळकतीत पत्नीच्या वाट्याचा प्रश्न अजून भिजत पडला आहे. जप्तीच्या बाजूने पाहिले की या दोन व्यवस्थांतला फरक फार ठळकपणे डोळ्यांत भरतो.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणे धनकोवर अन्याय होईल. नोटीस आली की घाईघाईने पत्नीच्या नावे बक्षीसपत्र, भावाच्या नावे खरेदीखत, बहिणींकडून एकाच दिवशी हक्कसोडपत्रे, हे सर्रास होते. नातेवाईक हरकत घेतात, ती फेटाळली की दुसरा नातेवाईक येतो. अशा हरकतीला उत्तर कायद्यात आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 53 प्रमाणे धनकोंना चुकवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर त्यांच्या इच्छेनुसार टाळता येते, आणि जप्ती आणणारा धनको हा मुद्दा नियम 58 च्या चौकशीत बचाव म्हणून घेऊ शकतो. त्यासाठी वेगळा दावा लावायची गरज नाही. न्यायाधीश काय पाहतात? मोबदला खरोखर दिला गेला का, बँकेतून गेला का, खरेदीनंतर ताबा बदलला का, वीजबिल कोणाच्या नावे आहे, पीक कोणी घेतले, दस्ताची तारीख देण्याच्या मागणीच्या किती जवळची आहे. नातेवाइकांतला व्यवहार आहे एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. पण खोटा व्यवहार पुष्कळदा नातेवाइकांतच होतो, हे नाकारण्यातही अर्थ नाही. म्हणूनच साक्षीपुरावा न घेता, नुसत्या प्रतिज्ञापत्रांवर हरकती निकालात काढण्याची जी घाई कधी कधी दिसते ती मला घातक वाटते. त्या घाईत खोटा निसटतो आणि खरा अडकतो.

धनको एकापेक्षा जास्त असले की प्रश्नाला वेगळे वळण लागते. वेगवेगळ्या न्यायालयांनी एकाच मालमत्तेवर जप्ती आणली असेल तर वरच्या दर्जाचे न्यायालय, आणि दर्जा सारखा असेल तर ज्याच्या हुकूमनाम्यात आधी जप्ती झाली ते न्यायालय, वसुली आणि हरकती दोन्ही हाताळते. पैसा न्यायालयात जमा होण्याआधी ज्या धनकोंनी त्याच ऋणकोविरुद्ध दरखास्ती दिल्या असतील त्यांच्यात तो देण्याच्या प्रमाणात वाटला जातो. हुकूमनामे 5, 3 आणि 2 लाखांचे असतील आणि खर्च जाता हाती 4 लाखच आले, तर वाटणी अनुक्रमे 2 लाख, 1 लाख 20 हजार आणि 80 हजार अशी होते. ज्याने धावपळ करून जप्ती आणली त्याला वरचढ हक्क मिळत नाही. तारण असलेला धनको या रांगेबाहेर, आपल्या तारणाच्या जोरावर पुढे. बँकेचे तारण आणि राज्याच्या करांची थकबाकी यांत आधी कोण, या वादावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 30 ऑगस्ट 2022 रोजी जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. केंद्रीय नोंदवहीत तारणाची नोंद केलेल्या बँकेला अग्रक्रम मिळाला. इथेही शेवटी नोंदच कामी आली. ज्याच्या हातात दुसऱ्याची वस्तू आहे आणि दोघे तिघे तीच मागत आहेत, त्याच्यासाठी संहितेच्या कलम 88 मध्ये वेगळा मार्ग आहे: त्याने सगळ्यांना प्रतिवादी करावे, वस्तू न्यायालयात ठेवावी आणि भांडण त्यांच्यावर सोडावे. इंग्लंडमध्ये यासाठी 1831 मध्ये कायदा झाला; जप्त मालावर तिसऱ्याने हक्क सांगितला की मधल्यामध्ये सापडणाऱ्या शेरीफलाही त्याने मोकळीक दिली. आपल्याकडे या मार्गाचा उपयोग फार कमी होतो, म्हणून पुस्तकातही त्याला एकच प्रकरण आहे.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तोच मला सर्वांत जास्त सलतो. 1976 च्या दुरुस्तीने दोन फेऱ्यांचा एक फेरा केला, पण तो फेरा किती वर्षांचा असावा याला आवर घातला नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश दिला, शिवाय मालमत्तेच्या ताब्याच्या दाव्यात तिसऱ्यांचे हक्क सुरुवातीलाच उघड व्हावेत म्हणून जाहीर नोटीस, आयुक्तामार्फत पाहणी असे उपाय सुचवले. मार्च 2025 मध्ये त्याने सर्व उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. त्याच वर्षी ते हाती आले तेव्हा देशभरात 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे दिसले. त्यांत सर्वांत मोठा वाटा, 3 लाख 40 हजारांच्या घरातला, मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचा होता. या प्रत्येक दरखास्तीत जप्ती असतेच असे नाही, हरकत असतेच असे नाही. पण जिथे आहे तिथे जप्त केलेला ट्रॅक्टर गंजतो, कुलूप लावलेल्या गाळ्याचे भाडे बुडते, आणि धनकोच्या हुकूमनाम्यावरचे व्याज कागदावर वाढत राहते. नाझर-बेलिफांची रिकामी पदे भरणे, हरकत अर्जांसाठी आठवड्याचा ठरावीक दिवस ठेवणे, जप्तीची माहिती ज्यांची नावे मालमत्तेच्या कोणत्याही नोंदीत आहेत त्या सगळ्यांना फोनवर संदेशाने देणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा न्यायालयांनी ठरवले तर हे होऊ शकते.

पुस्तकाची भाषा शक्य तेवढी साधी ठेवली आहे. न्यायालयात रुळलेले दरखास्त, हुकूमनामा, साठेखत, बोजा हे शब्द तसेच ठेवले, कारण वाचकाला उद्या वकिलाशी आणि कारकुनाशी याच शब्दांत बोलायचे आहे. वकील मित्रांनी त्यांना ठाऊक असलेली प्रकरणे ओलांडून सरळ कौटुंबिक हिश्शांच्या भागाकडे जावे. तिथे त्यांच्याशी माझे मतभेद होतील, आणि ते झाले तर मला हवेच आहेत.

बाकी वाचकांना एकच विनंती. आपल्या घरावर, जमिनीवर, ठेवायला दिलेल्या मालावर दुसऱ्या कोणाच्या देण्यापायी जप्ती आल्याचे कळले, तर नातेवाईक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. हाती असतील ते कागद घेऊन त्याच आठवड्यात ज्या न्यायालयाने जप्ती काढली तिथे जा, हरकत अर्ज द्या आणि त्याच अर्जासोबत नियम 59 खाली विक्री थांबवण्याची किंवा ती कायम न करण्याची मागणी करा. मालमत्ता विकली गेल्यानंतर आलेला अर्ज, किंवा मुद्दाम अथवा विनाकारण उशीर करून आलेला अर्ज, न्यायालयाला नियम 58 खाली दाखलच करून घेता येत नाही. मग उरतो तो नवा दावा.